बिनपैशाची हाऊजी आणि रेहानाची नड

शुक्रवारी इथे आखातात, सीबच्या बीचवर आम्ही सगळी मराठी घरं पिकनिकला जमलो होतो आणि तिथे जे काही झालं ना… कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय मला.

मी वसईची. आमच्याकडे हाऊजीशिवाय, म्हणजे नंबरांच्या तंबोल्याशिवाय, लग्न नाही की चर्चची फीस्ट नाही. गावच्या शाळेचं छप्पर हाऊजीच्या पैशातून झालं, हे तर पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. त्यामुळे पिकनिक म्हटली की डबे राहिले तरी चालतील, नंबरांची पिशवी मी विसरत नाही.

त्यात माझ्या लेकीला, एलिसाला, शाळेत प्रोजेक्ट नेमका लॉटरीवर. इंग्लंडात साडेचारशे वर्षांपूर्वी राणीने बंदरं दुरुस्त करायला पहिली सरकारी लॉटरी काढली… मधे लॉटऱ्या बंद पडल्या, मग आमच्या लहानपणी पुन्हा सुरू झाल्या. आता तिकिटांच्या पैशातला काही भाग मैदानं, म्युझियम, असल्या good causes ना जातो. आठवडाभर घरात जेवताना हेच चालू होतं.

मग काय, मी जाहीर करून टाकलं… तिकीट अर्धा रियाल, जमतील ते पैसे चांगल्या कामाला. तेवढ्यात रेहाना हळूच म्हणाली, "मोनिका, तुम्ही खेळा. पैसे लावून आम्हाला नाही चालत. मी पोरांकडे बघते."

रेहाना रत्नागिरीची. माबेलाला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते, माझी एकदम जिवाभावाची. नवरा दुक्मला प्रोजेक्टवर, महिन्यातून एकदा घरी. इथे ती, दोन पोरं आणि पडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्या दिवशी नवरा सुट्टीवर होता, तो आईपाशी थांबला म्हणून कुठे ही घराबाहेर पडली होती.

त्यात आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या परबकाकांनी भर घातली की या देशात परवानगीशिवाय असे पैसे गोळा करायचेच नसतात, खलास. मी जाम हिरमुसले. रेहाना बाजूला बसणार असेल तर कसली आलीय हाऊजी?

तर आमच्या एलिसाबाईसाहेब पुढे सरसावल्या. "मग पैसे नको ना, मम्मा. प्राइज पण नको. जो जिंकेल तो good cause choose करेल, आणि सगळे ते करणार. हाताने."

मला तर तिला तिथेच उचलून घ्यावंसं वाटलं. रेहानाही हसली, म्हणाली यात तर काहीच वावगं नाही, दे मला तिकीट.

पण काका कसले ऐकतायत. म्हणाले, good cause ला मराठीत काय म्हणतात ते आधी सांग. कुणी म्हणे सत्कार्य, कुणी समाजसेवा… पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. शेवटी रेहाना म्हणाली, "अगो, सोपं आहे. नड. एखाद्याची नड असते, ती आपण भागवायची." एलिसाला हा छोटासा शब्द भयंकर आवडला.

आणि काय खेळ रंगला म्हणून सांगू… एक पैसा लागलेला नाही, पण माणसं अशी चेकाळली होती की विचारू नका. रेहाना तर मला श्वास घेऊ देईना, यल्ला मोनिका, चल लवकर, पुढचा काढ. सत्तेचाळीस म्हटलं आणि तिने गपकन हात वर केला. फुल हाऊस, तिकिटावरचे सगळे नंबर आले.

दोनदा तपासलं, बरोबर होतं. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती जरा विचार करून म्हणाली, उन्हात काम करणाऱ्या लोकांना थंड पाणी वाटूया.

छानच होतं की. पण एलिसा शब्दाला चिकटून बसली होती. "रेहाना आंटी, ते good cause झालं. तुम्ही नड सांगा ना. तुमची नड काय?"

रेहाना ओढणीशी चाळा करत राहिली… आणि मग म्हणाली, "मला गाडी शिकायचीय."

मग कळलं, मागच्या महिन्यात सासूबाईंना दम लागला तेव्हा ही बाई एकटी खाली रस्त्यावर टॅक्सी शोधत धावत होती. समोरच्या दारात मी असताना. असा राग आला ना मला तिचा, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी. पैसे तिने साठवलेत, शिकवणारी बाई दारात गाडी घेऊन यायला तयार आहे. अडलं होतं एवढ्यावरच, की तो तासभर सासूबाईंपाशी बसणार कोण?

काय सांगू तुम्हाला… तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत सगळ्यांचे हात वर. मंगळवार माझा, गुरुवार माझा अशी चक्क भांडणं लागली. परबकाका म्हणाले, मला स्वयंपाक येत नाही पण गप्पा भरपूर येतात. थंड पाणी पण वाटायचं ठरलंय, ते आहेच.

आज पहिला क्लास. रेहानाचा नवरा दुक्मला परत गेलाय आणि मी तिच्या सासूबाईंच्या पलंगाशेजारी बसून हे टाइप करतेय. मघाशी खिडकीतून बघितलं, गाडी गेटपाशी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली.

तेव्हापासून सासूबाई चार वेळा विचारून झाल्या, "गेली काय गो नीट?" म्हटलं, गेली मावशी, मस्त गेली.

जन्मभर हाऊजी खेळत आलेय मी… दुसऱ्याच्या फुल हाऊसचा इतका आनंद मात्र पहिल्यांदाच झालाय.