सांगू त्यांना, हा मुका आहे

"काका, तिथं तुम्ही बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही. कोणी विचारलंच, तर आम्ही सांगू त्यांना, हा मुका आहे."

छोटे मालक असं म्हणाले आणि ऑफिसातले सगळे हसले. पुण्याचे इंजिनिअर साहेब हसले, कारकून हसला, दाराशी उभा वॉचमनही हसला. टेबलावर माझा नवा कोरा पासपोर्ट पडलेला. त्याच्या शेजारी परदेशी पाठवायचं पत्र. त्यात साहेबांच्या नावापुढं 'मशिनतज्ज्ञ' आणि माझ्या नावापुढं 'हेल्पर'.

मीही हसलो.

हे लिहायची लाज वाटते, म्हणून आधीच लिहून टाकतो. मी नुसता हसलो नाही, सगळ्यांपेक्षा जास्त हसलो.

मी अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर आहे. सव्वीस वर्षं झाली. कापसातून सरकी वेगळी करणारी मशिनं माझ्या हाताखाली चालतात. त्यातली सहा जुनी मशिनं मालकांनी टांझानियातल्या एका जिनिंगला विकली. जहाजानं गेली, तिथं उभी केली, तर नीट चालेनात. सरकी फुटू लागली, रुईत कचरा येऊ लागला. तिकडून निरोप आला, ज्यानं ही मशिनं चालवली त्याला पाठवा.

चालवली मी. नाव आधी निघालं साहेबांचं. त्यांना येऊन आठ महिने झाले होते आणि ती मशिनं त्यांनी ट्रकवर चढताना तेवढी पाहिली होती. माझं नाव मागाहून जोडलं. शेपटासारखं.

शेपूट तर शेपूट. आमचं घर बार्शीटाकळीचं. बाप पोटासाठी धामणगाव रेल्वे या गावी गेला, तोच आमच्या खानदानातला सगळ्यात लांबचा प्रवास. मी विमानात बसणार म्हटल्यावर माझे पाय तेव्हाच जमिनीवरून उचलले गेले.

पासपोर्टचा फोटो काढायला गेलो, तर तोंडावरचं हसू काही जाईना. फोटोवाला म्हणाला, "काका, हासू नका. पासपोर्टात चालत नाही." तीनदा काढला, तीनदा हसलो. शेवटी तो वैतागला. "घरातलं कोनी वारलं असन ना? त्याईले आठवा." मी बापाला आठवलं. तेव्हा कुठं फोटो निघाला.

मग नागपूरला जाऊन पिवळ्या तापाची सुई टोचून घेतली. दंड सुजला. दोन दिवस मी बिनबाह्यांचं बनियन घालून ओट्यावर बसलो. कोणीतरी विचारावं, हे काय झालं म्हणून. मग बॅगेच्या वजनाची काळजी लागली. घरी काटा नाही. बॅग उचलली आणि जिनिंगच्या मोठ्या काट्यावर नेऊन ठेवली, जिथं कापसाच्या गाड्या तोलतात. काट्यानं शून्य दाखवलं. घरी येऊन सांगितलं, तर आमची मंडळी म्हणाली, "शून्य? मंग ठेच्याचा आणखी एक डबा ठेवते."

बॅगेत सगळ्यात खाली माझा पेचकस. लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. मशीन चालू असताना त्याचं टोक मशिनला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत काय दुखतंय ते ऐकू येतं. डॉक्टरची नळी असते तसं. सव्वीस वर्षांत माझ्या कानानं ती मूठ गुळगुळीत केली आहे.

तर त्या दिवशी ऑफिसातून घरी आलो आणि मुक्याची गोष्ट मंडळीला सांगितली. छोट्या मालकांची नक्कल करून सांगितली. नक्कल मला बरी जमते. ती सूप घेऊन डाळ निवडत होती. हसली नाही. वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा सांगितली. जेवताना अजून एकदा.

ती म्हणाली, "थे हासले ते समजलं. तुमी काहून हासले?"

"अवं, मोठे लोक हायेत. गंमत करतात."

"गंमत होती, तं मले तीनदा काहून सांगून राहिले?"

आमची मंडळी अमरावतीची. बोलते कमी, पण बोलली की जागा चुकत नाही.

बाप आठवला. फोटोवाल्याकडे आठवला होता, तो मेलेला बाप. हा जिवंत.

बाप धामणगावच्या जिनात रुईच्या गाठी वाहायचा. मी आठ वर्षांचा असेन, त्याचा डबा घेऊन गेलो होतो. मालकाकडे पाहुणे आले होते. बापाच्या केसांत रुई, भुवयांत रुई, मिशीत रुई. मालक म्हणाला, "ए, त्या गंजीमागं जा. भूत दिसतोस." पाहुणे हसले. बापही हसला. आणि हसत हसत कापसाच्या गंजीमागं गेला. मी डबा धरून अलीकडे उभा. पाहुणे जाईपर्यंत तो बाहेर आला नाही. भाकर मोडताना मला म्हणाला, "मोठे लोक हायेत. हासून घ्या लागते."

बापाजवळ मला द्यायला वावर नव्हतं. त्यानं हे दिलं. मी जपलं. इतकं जपलं की ती आपलीच सवय वाटायला लागली. लोक म्हणायचे, गडी मोठा हसतमुख. हसतमुख कसला? सव्वीस वर्षं गंजीमागं उभा होतो.

दोन दिवसांनी टांझानियाहून व्हिडिओ कॉल होता. निघण्याआधी मशिनं एकदा दाखवणार होते. साहेब खुर्चीवर, छोटे मालक बाजूला, मी मागं उभा. साहेब हळूच म्हणाले, "काका, तुम्ही माझ्या कानात सांगा. मी त्यांना सांगतो."

तिकडं माझ्याच वयाचा एक फिटर होता. उंच, काळा, कानावर पेन्सिल. त्यानं मशीन चालू केलं. आवाज आला, खर्र-टक, खर्र-टक. मी ओळखलं. माझंच तीन नंबर. साहेब इंग्रजीत काहीबाही विचारू लागले. व्होल्टेज, मोटर, पाया. तो फिटर नुसता मान हलवत होता. साहेबांनी कान माझ्याकडे केला.

मी कानात नाही सांगितलं.

खुर्चीशेजारून पुढं झालो. मोबाइलसमोर तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणालो, "खर्र-टक! खर्र-टक!" मग कापूस ओढणारा चामड्याचा रोलर हातानं हवेत काढला, त्याचं डावं टोक दाखवलं, तिथं हात टेकवल्यासारखं केलं, आणि "आऽऽ" करून झटक्यात मागं घेतला.

छोटे मालक कपाळाला हात लावून बसले.

त्या फिटरनं मशीन थांबवलं. रोलरपाशी गेला. परत आला तो बोटं झटकत, दात काढत. टोक तापलं होतं. रोलरवर टेकणारी सुरी त्या बाजूला जास्त दाबत होती आणि सरकी फोडत होती. मी पान्याची खूण केली. अर्धा फेरा सैल, बस. त्यानं केलं. मशीन पुन्हा चालू झालं.

"सूंऽऽ," तो म्हणाला.

"सूंऽऽ," मी म्हणालो.

फिटरांना ना इंग्रजी लागतं, ना मराठी. मशीन ज्या भाषेत रडतं, ती आली की झालं.

कॉल संपला. छोटे मालक म्हणाले, "झालं ते झालं. पण हे साहेबांच्या कानात सांगायचं होतं ना."

"छोटे मालक, मुका मानूस कानात कसा सांगन?"

या वेळी कोणी हसलं नाही. मी टेबलावरचं पत्र त्यांच्याकडे सरकवलं. "हे बदला. माह्या नावापुढं फिटर लिहा. आन् तिथं मशीनबद्दल मीच बोलीन. नाही तं मी येत नाही."

"काका, डोकं ठिकाणावर आहे का? तुमच्यासारखे छप्पन फिटर मिळतील."

"मंग धाडा छप्पन."

पासपोर्ट उचलला, वरच्या खिशात घातला आणि बाहेर पडलो. खोटं कशाला सांगू, सायकल-स्टँडपर्यंत जाईस्तोवर तीनदा वाटलं, परत जावं आणि हसून घ्यावं. नाही गेलो.

नवं पत्र अजून आलं नाही. येईल की नाही, माहीत नाही. कदाचित नोकरीही जाईल. बॅग दाराशी उभी आहे. ठेचा खराब होईल म्हणून काढून घेतला, पेचकस राहू दिला. गेलो तर फिटर म्हणून जाईन आणि माझ्या तोंडानं बोलेन. नाही गेलो, तरी यापुढं कोणाच्या कानात सांगणं बंद.

काल छोट्या मालकांनी मशीनखात्यात येऊन माझ्यावर एक नवा विनोद केला. सगळे हसले. मी पासपोर्टातल्या फोटोसारखा त्यांच्याकडे बघत उभा राहिलो.

हसू आधी त्यांचं थांबलं.