खोटबाई आणि रेकॉर्डची मागची बाजू

रेकॉर्डच्या कारखान्यात तिला सगळे खोटबाई म्हणत, तेही तोंडावर. पाठीमागे काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही. दाबून बाहेर पडलेल्या रेकॉर्डमधली अधूनमधून एखादी उचलायची, हेडफोन लावून ऐकायची आणि खरखर, फुगवटा, वाकडं भोक असं काही सापडलं की अख्खा घाणा नापास करायचा, हे तिचं काम. रेकॉर्ड दाबणाऱ्या प्रेसवाल्यांची मेहनत पाण्यात जायची, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी कुणी बसत नसे. ही तरी कुठे कुणाची वाट बघत होती?

नव्या तपासनिसाला नेहमी मागची बाजू देत. चालणारं गाणं पुढच्या बाजूला, त्यात चूक राहिली तर दुकानदार बोंबलत येतात. मागचं गाणं नुसतं जागा भरायला टाकलेलं, ते कोण मरायला ऐकतंय? बढती मिळाली की माणसं पुढच्या बाजूकडे पळत. खोटबाईने बढती घेतली, पण बाजू सोडली नाही. पुढच्या गाण्यांचा तिला तिटकारा होता. ती गाणी पाहुण्यांसमोर नटूनथटून बसलेली, आणि मागची घरच्या कपड्यांत. एका मागच्या गाण्यात ड्रमवाला मध्येच खोकतो आणि तो खोकला कुणी काढलेलाच नाही. दुसऱ्या एकात गायिका शेवटची ओळ विसरते आणि नुसतं गुणगुणून वेळ मारून नेते. असली गाणी ती काम संपल्यावरही ऐकत बसे. रेकॉर्ड उलटण्याचेही कष्ट न घेणाऱ्या जगाला मग मनसोक्त शिव्या घाली. एवढा जीव माणसांना लावला असतास तर नवरा टिकला असता, असं तिची बहीण म्हणायची.

नवरा एका बँडमध्ये गिटार वाजवायचा. घरी त्याने तार छेडली रे छेडली की ही म्हणायची, घसरलास. तो घसरलेला असायचाच, हेच वाईट. त्याच्या चहात खोट, बोलण्यात खोट, घोरण्यातसुद्धा खोट. एक दिवस तो गिटार उचलून चालता झाला. तिने गेलास उडत म्हणून दार लावलं आणि बिजागरी करकरते हेही तेवढ्यात टिपलं.

वर्षभराने त्याच्या बँडची पहिली रेकॉर्ड नेमकी याच कारखान्यात आली. पुढे बँडच्या गायकाचं उड्या मारणारं गाणं, आणि मागे, जागा भरायला, नवऱ्याचं. नमुन्याची प्रत तिच्या टेबलावर आली तेव्हा तिने हेडफोन चढवला आणि तिचं डोकंच फिरलं. गाणं तिच्यावर होतं. एक घर आहे, तिथे कुणीतरी सदा कान लावून बसलेलं आहे आणि माणूस चमचासुद्धा दबकत खाली ठेवतो, असं गाणं. तिने सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि खोट शोधायला बसली. चाल कुठे सैल पडते, सूर कुठे घसरतो, शब्द कुठे ओढूनताणून आणलाय. सगळी दुपार गेली आणि हाती काही लागलं नाही. गाणं भिकार असतं तर तिने त्याला एक वेळ माफही केलं असतं.

त्यानंतर ती ते रोज ऐकायची, दात-ओठ खात.

मग रेडिओ केंद्रांना पाठवायचा घाणा निघाला आणि प्रेसवाल्याने लेबलांच्या थप्प्या उलट्या लावल्या. पुढचं लेबल मागच्या बाजूला चिकटलं, मागचं पुढच्या. म्हणजे रेडिओवाले गायकाचं नाव वाचून सुई ठेवणार आणि घरोघरी वाजणार नवऱ्याचं गाणं. फोरमनचं म्हणणं, बँड नवीन आहे, कुणाला काय कळतंय, बाई, सोडून द्या.

खोकी न्यायला बँडने नवऱ्यालाच पाठवलं होतं, कारण गायक ओझी उचलत नसे. फोरमनने हसत हसत त्याला गोंधळ सांगितला, तसा तो धावतच तिच्या टेबलाशी आला. शर्टाचं बटण चुकीच्या काजात होतं, हे तिने आधी पाहिलं.

"एवढा घाणा जाऊ दे," तो म्हणाला. "वर नाव गायकाचं असलं तरी चालेल. एकदा वाजू दे फक्त."

"माझी बदनामी घरोघरी वाजू दे?"

"तुझं नाव कुठे आहे त्यात?"

नव्हतं खरं, आणि ते तिला जास्तच झोंबलं. तिला सगळं कळत होतं. जन्मभर ज्या गाण्यांसाठी ती जगाशी भांडली, त्यांतलं सगळ्यात चांगलं गाणं समोर पडलं होतं, आणि या खेपेला जगाला रेकॉर्ड उलटायचीही गरज नव्हती. तिने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मग ते गाणं सगळ्यांचं झालं असतं, आणि तो सुखी झाला असता. ही दुसरी गोष्ट तिला मुळीच सोसणार नव्हती.

तिने रेकॉर्ड छाटणीच्या यंत्रावर ठेवली. नापास मालाचं लेबल तिथे कापून काढायचं आणि उरलेलं वितळवायला पाठवायचं. लेबल चुकलंय, नियम म्हणजे नियम, असं ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली.

"लेबलाचं राहू दे." त्याचा आवाज एकदम खाली आला. "तू ऐकलंयस ना? गाण्यात काही खोट आहे का, तेवढं सांग."

अख्ख्या संसारात त्याने तिला हे कधी विचारलं नव्हतं. विचारायची त्याची छातीच नव्हती. आता दोन चुका ठोकून दिल्या असत्या तरी त्याने मुकाट्याने मानल्या असत्या. पण कामात ती कधी कुणाला फसवत नसे, त्यालाही नाही.

"एकही नाही," ती म्हणाली आणि यंत्राचा दांडा खाली ओढला.

लेबल खालच्या डब्यात पडलं. तिने थप्पीतली पुढची रेकॉर्ड उचलली.