पहिला बटाटा कोणाला

आर्णीच्या बसस्टँडवर नागपूरची गाडी लागली, तेव्हा माझ्या हातात पासपोर्टची पिशवी होती आणि मायच्या हातात फडक्यात बांधलेले भाजके बटाटे. आदल्या दिवशीच आमच्या वावरात उलंगवाडी झाली होती, म्हणजे शेवटचा कापूस वेचून पऱ्हाट्या उपटून टाकल्या होत्या. खरं तर अजून ती वेळ नव्हती. पण गुलाबी बोंडअळीनं त्या साली बोंडांत काही ठेवलंच नव्हतं. बाबा गाडीच्या पाटीकडे बघत उभे होते. मायनं खिडकीतून फडकं आत सरकवलं. "इमानात काय देतीन खाले, कोनाले मालूम. हे खाऊन घेजो. अन् बाबाले जय भीम कर." मी नर्स म्हणून आयर्लंडला निघाले होते आणि माझ्या ओढणीला अजून धुराचा वास येत होता.

तुमच्यापैकी जे गावातच आहेत त्यांना उलंगवाडीच्या दिवशीचं मायचं जेवण ठाऊक आहे. जे माझ्यासारखे उठून लांब गेले, त्यांच्यासाठी सांगते. पऱ्हाट्यांचा जाळ भसकन पेटतो आणि तसाच बसतो. तो बसला की माय राखेत बटाटे पुरायची, बाजूला वांगी लावायची. बटाटा भाजला की त्याचे दोन भाग करून अंगठ्यानं गर काढायची, पण साल फाटू द्यायची नाही. गरात कांदा, कोथिंबीर, जवसाची चटणी, वरून कच्चं तेल. मग ते सगळं परत सालीत, वर उंच ढीग करून. वावरात इतकी ताटं आणायची कुठून, म्हणून ही साल. वेचणीच्या सगळ्या बायांना हे जेवण असायचं. हातात पैसा नसला की बटाटे कमी यायचे, मग ती गरात वांगं जास्त घालायची, म्हणून कापूस जितका कमी, तितका तो ढीग उंच दिसायचा. एका वर्षी बाबा म्हणाले, यंदा राहू दे. माय म्हणाली, "कापसानं दगा देल्ला, बायाइनं थोडीच देल्ला?" नापिकीच्या त्या वर्षांत मी लोकांना खचताना पाहिलं. मायला मी चूल फुंकताना पाहिलं, आणि आज कोणी मला हिंमत कशाला म्हणतात विचारलं तर मला तेच आठवतं.

तिचा एक नियम होता. पहिला बटाटा जी सगळ्यात लांबून आली तिला. घरचे सगळ्यांच्या मागून. मी घरची, त्यामुळे माझ्या वाट्याला नेहमी फाटकी, करपलेली साल यायची, आणि मी दरवर्षी तोंड फुगवायचे.

तिकडे आयर्लंडात, कॉर्क शहरात, आमच्या वॉर्डच्या सिस्टर ब्रीडानं मला पहिल्यांदा घरी बोलावलं. जेवणाआधी ती बटाट्याच्या साली घेऊन आली, आत वितळलेलं चीज, वर कांद्याची पात. ताट तिनं सगळ्यांत आधी माझ्यासमोर धरलं. मला भरूनच आलं. म्हटलं, यांच्यातही लांबून आलेलीला पहिला मान! मी इतक्यांदा थँक यू म्हणाले की ती बिचारी गोंधळली. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते, एवढंच त्याचं कारण, हे मला पुढच्या खेपेला कळलं.

मग मीही शिकले. बटाट्याला तेलमीठ चोळून ओव्हनमध्ये ठेवायचे, अर्धे कापून गर काढायचा, साल पुन्हा कडक करून घ्यायची आणि मग वर चेडर चीज. मी त्यात जवसाची चटणी घालते आणि सावर क्रीमऐवजी घट्ट दही. व्हिडिओ कॉलवर मायनं हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काहून वं, पाहुन्याइले सालं वाढून राह्यली? गर कोनाले ठेवला?" मी म्हटलं, गराची उद्या भाजी करीन. "मंग तू माह्याकून काई शिकलीच नाई," ती म्हणाली. तेव्हापासून मी गर परत सालीतच भरते. ब्रीडाला ते जास्त आवडतं.

पाच वर्षांनी सुट्टी बरोबर उलंगवाडीला मिळाली. घरी पाऊल ठेवलं आणि जो तो माझ्यासाठी खुर्ची पुसू लागला. पाणी बाटलीचं आलं. वावरात मी राख सारायला वाकले तर माय म्हणाली, "बस तू, कपडे खराब होतीन." मी बांधावर बसले खरी, पण डोळा मायच्या हातावरच होता. आज पहिला बटाटा माझ्या हातात पडला, तर मी या घरची पाहुणी झाले. मग पुढं करपलेल्या सालीवरून कोणत्या तोंडानं भांडायचं?

बाया गोल बसल्या. मी आणलेलं चेडर मायनं हातानं कुस्करून प्रत्येक ढिगावर टाकलं. पहिला बटाटा उचलून तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली. शेजारची शांतामावशी हसली. "पायतं काय? तुही आयर्लंडवाली बसली नं समोर!" सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. माय सरळ माझ्या दिशेनं चालत आली. मी मान खाली घातली.

ती माझ्यापुढून गेली. पलीकडे एक बाई बसली होती, आमच्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या तालुक्यातून बहिणीकडे आलेली आणि तिच्यासोबत वेचणीला लागलेली. मायनं तिच्या हातात बटाटा दिला. "हे केळापूरची होय. सगळ्यात लांबून आली."

"अन् हे?" शांतामावशीनं माझ्याकडे बोट केलं.

"हे घरची होय. घरचे मांगून."

सगळ्यांचं झाल्यावर माझी पाळी आली. साल मधोमध फाटलेली, एका बाजूनं पार कोळसा, गर ओंजळीत सांडलेला. माझे डोळे वाहत होते, आणि धूर होता म्हणून बरं. मी म्हटलं, "चीज कुठाय माय?"

"संपलं. बायाइले पुरलं नं? मंग झालं."

कॉर्कमध्ये लोक विचारतात, तुझं घर कुठं. मी यवतमाळ सांगते, नकाशात दाखवते. खरं उत्तर त्यांना समजावून सांगायला फार वेळ लागेल. जिथं मला सगळ्यांच्या मागून वाढतात, आणि तेही करपलेलं, ते माझं घर.