पंचम जॉर्जची दाढी

कोंडीराम खरातची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यानं मला चार तास श्वास घेऊ दिला नाही. चार तास ही थोडी अतिशयोक्ती असेल. पण त्यानं घड्याळाकडं बघायलाही मनाई केली होती, त्यामुळे खरा आकडा कुणालाच ठाऊक नाही.

शीवच्या टेकडीच्या पायथ्याशी रघुवीरराव विजयकर वकिलांचा बंगला होता आणि बंगल्याच्या बागेत पोहायचा हौद. आम्ही दादरची माणसं पहाटे उठून नळाशी बादल्यांची भांडणं करणारी. कुणाच्या घरी नुसतं डुंबायला एवढं पाणी असतं, हे डोळ्यांनी बघावं म्हणून मी गेलो होतो. मी शाळामास्तर, निमित्त संयुक्त महाराष्ट्राच्या सभेच्या पत्रकाचं. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि हौदाच्या काठावरून आवाज आला, "हलू नका!"

साप असणार असं समजून मी एका पायावर उभा राहिलो. बघतो तर सगळा बंगलाच थिजलेला. माळी झारी उचललेल्या स्थितीत, कुत्रं कान पाडून, आणि ज्यांच्या गर्जनेनं शिवाजी पार्कावरचे कावळे उडत ते विजयकर वकील आरामखुर्चीत ओठांवर बोट ठेवून. या सगळ्यांना थिजवणारा माणूस उघडाबंब, तुरटीच्या भुकटीनं मिशांपर्यंत पांढरा झालेला, हौदावर ओणवा होता.

"पाणी बसाया लागलंय," तो कुजबुजला. पाळण्यात पोर निजत असावं तसा. "पाय आपटला तर उठंल."

मला शिंक आली. ती मी गिळली. तेव्हापासून माझा डावा कान नीट चालत नाही.

कोंडीराम राहायला नायगावच्या चाळीत. परळच्या एका गिरणीत रंगखात्याला होता. छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गेला, डोक्यात लाठी खाल्ली, खाटेवर पडून राहिला आणि गिरणीनं नाव काढून टाकलं. त्याच मोर्चात विजयकर वकील होते. त्यांना हार मिळाला. मोर्चातल्या ओळखीवर त्यांनी कोंडीरामला हौदावर ठेवून घेतलं. तेवढ्यात कोंडीराम नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षाही घेऊन आला, तर वकिलांनी त्याचा जाहीर सत्कार केला. "माझ्या घरच्या पाण्याला कोंडीरामचा हात लागतो!" हे वाक्य त्यांच्या भाषणात ठरलेलं असे, आणि त्यावर टाळ्याही ठरलेल्या असत.

हौदात पाणी यायचं बंगल्याच्या विहिरीचं. चार पोरं डुंबली की ते ताकासारखं होई. मग कोंडीराम तुरटी पाण्यात कालवून हौदभर शिंपडायचा, लांब बांबूनं हळूहळू ढवळायचा आणि सगळ्यांना गप्प बसवायचा. गाळाचे पुंजके होऊन तळाशी बसले की रबरी नळीनं तळ झाडल्यासारखा ओढून घ्यायचा, आणि गाळ उतारावरच्या केळींना.

"गिरणीत ह्याच तुरटीनं आम्ही कापडाला रंग धरायला लावायचो, मास्तर. हितं तिच्याचकडनं पान्यातला मळ सोडवून घेतो. बाई एकच, पन सासर-माहेर येगळं!"

पाणी पास की नापास, हे ठरवायला त्याच्याकडं पंचम जॉर्जचा एक तांब्याचा पैसा होता. तो खोल बाजूला टाकायचा आणि काठावरून बघायचा. राजाचं डोकं दिसलं तर पाणी बरं. दाढी दिसली तर पास. "दाढीतला केस न् केस मोजता आला पायजे," असं तो म्हणे, आणि खरोखर मोजायला बसे. त्याच्या हिशेबानं राजाला दर उन्हाळ्यात नवे केस फुटत होते.

एवढं करून कोंडीराम त्या पाण्यात कधी उतरला नव्हता. सगळं काम काठावरून. त्याला कुणी नको म्हटलं नव्हतं. ये असंही म्हटलं नव्हतं. एकदा सभेहून खुशीत परतलेले वकील म्हणाले, "कोंडीराम, राज्य होऊ दे, या हौदात पहिली उडी तुझी!"

वकील विसरले. कोंडीराम कसला विसरतो! त्याला पोहता येत नव्हतं. चाळिशी उलटलेला हा गडी दर रविवारी शीव कोळीवाड्याच्या खाडीत हरेश्वर कोळ्याकडं शिकायला जाऊ लागला. मी एकदा बघायला गेलो. ते पोहणं नव्हतं, पाण्याशी मारामारी होती.

"मास्तर, ह्याला सांगा," हरेश्वर ओरडला, "खाडीनं ह्याचं काय घोडं मारलंय? माझी सगळी मासळी ठाण्याला पळाली!"

"तुझी मासळी पळपुटी!" कोंडीराम नाकातलं पाणी उडवत म्हणाला. "मी हौदात उतरनार तवा बघ. बायको नवं धोतर नेसवून नेनार हाय मला."

"धोतर नेसून पोहणार? मग बाशिंगपण बांध."

साठ सालच्या एक मेला राज्य झालं. विजयकरांच्या बागेत सनई, पेढे आणि पोत्यानं गुलाल. लोकांनी एकमेकांना हौदात ढकललं. पाणी दुपारपर्यंत लाल चिखल झालं. त्या चिखलातून पांढऱ्या कपड्यांतली माणसं लाल होऊन हसत बाहेर पडत होती आणि कोंडीराम काठावर कपाळ धरून बसला होता. "पहिली उडी माझी होती," एवढंच म्हणाला. मग स्वतःच सावरला. "ती लाल पान्यातली. चांगल्या पान्यातली अजून कुनी घेतली न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं तुरटी टाकली आणि बंगला थिजवला. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी दिसली. त्यानं वकिलांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली. वकिलांनी मोठेपणानं आम्हा चार-पाच जणांना आणि एका फोटोग्राफरला बोलावलं. कोंडीरामची बायको कौसल्या आली होती. कोंडीरामनं नवं धोतर कासोटा मारून कसलं आणि उडी घेतली. हौदाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला तो भांडत, फुरफुरत, पण गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला.

संध्याकाळी विजयकरबाई हौदाशी येऊन म्हणाल्या, "कोंडीराम, पाणी जरा गढूळ वाटतंय का रे?"

कोंडीरामनं पैसा टाकला. दाढी दिसली. पण बाईंना गढूळ वाटतं म्हणजे आपलीच नजर अधू, असं समजून या शहाण्यानं पुन्हा तुरटी कालवली. सकाळी नळी फिरवली तर गाळच नाही. बाई म्हणाल्या, "अजून वाटतंय." त्यानं पुन्हा तुरटी घातली. मला निरोप पाठवून बोलावलं. "मास्तर, तुमाला चष्मा हाय. केस मोजा."

मी मोजले. दाढी केसागणिक दिसत होती.

तेवढ्यात वकील आले. कोंडीराम उत्साहानं म्हणाला, "सायेब, बघा, दाढी!"

वकिलांनी पाण्याकडं पाहिलं नाही. "दिसते रे. तू फार मेहनत घेतोस. पण एकदा सगळा उपसून टाक. घरच्यांना बरं वाटेल."

"गुलालाच्या वक्ताला उपसला न्हाय, सायेब."

"गुलालाचं वेगळं."

कौसल्या भाकरी घेऊन आली होती, ती मागं उभी होती. "अवं," ती नवऱ्याला म्हणाली, "तुरटी कशाला नासताय? पान्यात घान न्हाई. तुमी उतरला व्हता."

कोंडीराम बराच वेळ ओणवा राहिला. बंगला पुन्हा एकदा थिजला होता, या वेळी त्यानं न सांगता. मग त्यानं हौदाच्या तळाची चावी उघडली. तळ दिसणारं ते पाणी केळीत गेलं. हौद रिता झाल्यावर तो शिडीनं उतरला, पैसा उचलून धोतराला पुसला, कनवटीला लावला आणि बायकोबरोबर नायगावला चालत गेला.

पुढं तो एका गिरणीत रंगखात्याला बदली कामगार म्हणून लागला. खाडीवर गेला नाही. मे महिन्यात विजयकरांची विहीर आटली होती, त्यामुळे हौद भरता आला नाही. पावसाळ्यात त्यात डास झाले. पुढच्या वर्षी त्यांनी वर पत्रे टाकून तिथं मोटार ठेवायला सुरुवात केली.