लाल ठिपक्यांची गल्ली

ओल्या सिमेंटचा वास आला की अजून माझं डोकं तापतं. चामराजपेटच्या एका गल्लीखालून तेव्हा बोगदा खणत होते, आणि वरची जमीन किती खचते हे उपग्रहाच्या रडार चित्रांवरून मोजायचं काम आमच्या ऑफिसकडे होतं. एका चित्रात तिथली चार घरं खचताना स्पष्ट दिसली. साहेब म्हणाले, "एरर असेल. रिपोर्टमध्ये घेऊ नकोस." मी घेतलं नाही. महिनाभर प्रत्येक नव्या चित्रात घरं आणखी खाली गेलेली दिसली, तेव्हा मात्र राहवेना आणि मी गल्लीत गेलो. कोपऱ्यावरच्या घरातल्या मराठी आजींनी, त्या कानडी वस्तीत माझं मराठी ऐकून, आत बोलावलं. भिंतीतल्या लांबलचक भेगेवर नुकतंच सिमेंट थापलेलं होतं. "बोगद्याचे लोक लिंपून गेले," त्या म्हणाल्या. "स्वल्पच आहे अक्का, घाबरू नका, म्हणाले." मी लॅपटॉपवर त्यांना त्यांचं घर दाखवलं, खचती जमीन दाखवणाऱ्या लाल ठिपक्यांनी भरलेलं. "हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?" "महिना झाला." त्यांचा आवाज चढला, "माझा नातू रोज या भिंतीला लागून झोपतो!" त्याच संध्याकाळी ते सगळे राजाजीनगरला लेकीकडे गेले, आणि आठवड्याभरात ती भिंत रिकाम्या खोलीत कोसळली. ऑफिसची माहिती बाहेर दिली म्हणून साहेबांनी मला काढून टाकलं. त्यांचा संताप आजही येतो. पण पगार घेत मी गप्प बसलो, त्या महिन्याचा जास्त येतो.