मालतीबाईंच्या यादीत नसलेलं घर

खारघरच्या टॉवरांमागे जे जुनं गाव उरलंय, तिथली अंगणवाडी मालतीबाई एकवीस वर्षं चालवताहेत. मूल उचललं की त्याचं वजन त्यांना साधारण कळतंच, काटा नंतर.

गेल्या वर्षी त्या शेवंताबाईंकडे हळदीकुंकवाला गेल्या. शेवंताबाई भावकीतल्याच, चार मजली घराच्या मालकीण. त्यांची दोन वर्षांची नात अस्मिता मालतीबाईंनी सहज कडेवर घेतली आणि त्या बोलता बोलता थांबल्या. पोर फार हलकी लागली. झालरीच्या बाहीतून दंड काडीसारखा निघालेला.

हे घर त्यांच्या मुलांची वजनं घ्यायच्या यादीत नव्हतंच. तळोज्याच्या कारखान्यांत जाणाऱ्यांच्या भाड्याच्या खोल्या त्या पालथ्या घालायच्या. बंगल्यातल्या पोरांना काय कमी, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी घरी जाताना हेच त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या काटा आणि दंड मोजायची पट्टी घेऊन हजर झाल्या. वजन आठ किलो चारशे. पट्टी पिवळ्या रंगावर थांबली.

"काकी, पोर कुपोषित हाय."

"आमचे घरान कुपोषन?" शेवंताबाई कडाडल्या. "ही दिवसभर खाते!"

"काय खाते?"

सकाळी चहात बुडवलेली बिस्किटं. मग वेफर्सचं पाकीट, बाटलीतला ज्यूस, परत बिस्किटं. जेवायच्या वेळी भूकच नसायची. सून प्रिया बँकेत नोकरीला, त्यामुळे पोर आजीजवळ, आणि आजीचं खाणंही तेच.

"तुमी पन चढा काट्यावर."

एक्क्याण्णव किलो. साखर वाढलेली होतीच, जिना चढताना गुडघे बोलायचे.

"एकाच डब्यातला खाऊन तुमी फुगताव, पोर सुकते," मालतीबाई म्हणाल्या. "दोगींना पोटभर मिलते, पन अंगाला लागनारा काय नाय."

"निघ तू," शेवंताबाई म्हणाल्या.

मालतीबाई निघाल्या. पण जाताना प्रियाला फोन करून सगळं सांगितलं. पाचव्या दिवशी शेवंताबाई नातीचा हात धरून अंगणवाडीच्या दारात उभ्या. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, दुसरा आजार काही नव्हता.

"आता सांग, काय घालू हिला?"

फार काही वेगळं नव्हतं. अंडं, मऊ भात नि डाळ, काटे काढलेली मासळी, वर चमचाभर तेल. पाकीट बंद. आजीचा भात निम्मा, भाजी दुप्पट, आणि नातीला रोज चालत अंगणवाडीत आणायचं, रिक्षा नाही. पहिले पंधरा दिवस अस्मिताने पाकिटासाठी घर डोक्यावर घेतलं. आजोबांनी एकदा गुपचूप आणूनही दिलं. त्यांना त्या दिवशी शेवंताबाईंनी जे ऐकवलं ते खालच्या भाडेकरूंनीही ऐकलं.

सहा महिन्यांनी अस्मिता साडेदहा किलोची झाली, पट्टी हिरव्यावर आली. आजी सात किलोंनी उतरल्या आणि चौथ्या मजल्यावर न थांबता जायला लागल्या.

मालतीबाईंची यादी आता गल्लीच्या पहिल्या घरापासून सुरू होते, बंगला असो की खोली. सरकारी अॅपमध्ये आज्यांच्या वजनाला रकाना नाही, म्हणून त्यांनी वेगळी वही केलीय. परवा आढाव्याला आलेल्या पर्यवेक्षिकेने ती उघडून विचारलं, "हे कोणी करायला सांगितलं?"

"कोनी नाय, मॅडम," मालतीबाई म्हणाल्या. "बसा, समजावते."