ओकच्या फांदीवरचे चौदा सेकंद

जर्मनीतल्या एर्लांगेनपासून तासाभरावरच्या जंगलात आमचा तीन आठवड्यांचा कोर्स होता. विषय, झाडावर अडकलेल्या जखमीला रोपने खाली आणणं. फौजेतल्या आमच्या इंजिनिअर युनिटमधून दोघेच गेलो. मी हवालदार, आणि माझ्या सेक्शनमधला नाईक सालुंखे, कराडकडचा. त्याला रोपवर्क मीच शिकवलं होतं, म्हणून तो मला उस्ताद म्हणायचा, हे आधीच सांगून ठेवतो.

0600 ला पीटी, 0730 ला झाडाखाली हजर. इन्स्ट्रक्टर ब्राउन, जर्मन फौजेतले हाउप्टफेल्डवेबेल म्हणजे सीनियर सार्जंट, कमी बोलायचे.

पहिल्या दिवशी मी रोप थेट फांदीवरून टाकला. आपल्याकडे तसाच टाकायचो. सालुंखेने मात्र किटबॅगमधून जुन्या फायर होजचा उभा चिरलेला तुकडा काढला, फांदीवर बसवला आणि रोप त्यावरून घेतला. खरखरीत सालीवर घासून रोप झिजतो, आणि झाडाची सालही सोलून निघते. ब्राउननी माझ्या फांदीवरचा ओरखडा सगळ्यांना दाखवला. मग सालुंखेच्या पाठीवर थाप मारली.

"गेनाऊ! असंच."

माझा जळफळाट झाला. झाडाची साल सांभाळायला का आम्ही फौजेत भरती झालो होतो? पण तेव्हापासून प्रत्येक डेमोला सालुंखे. मेसमध्ये ब्राउनशेजारी सालुंखे. रविवारी एर्लांगेनच्या एका मराठी इंजिनिअरने पोह्यांना बोलावलं, तिथेही तेच. त्यांची पोरं जर्मनमध्ये बोलत होती, हा मराठीत, आणि त्यांचं छान जमलं होतं. मी पोहे खाल्ले.

तिसऱ्या आठवड्यात टेस्ट. झाड ओकचं. सालुंखे वर, जखमी म्हणून ऐंशी किलोचा डमी. मी खाली, एका हातात वॉकीटॉकी, दुसऱ्यात स्टॉपवॉच. ब्राउन झाडाच्या पलीकडच्या बाजूला.

1020 ला सालुंखेने डमीपर्यंत जायला झोका घेतला आणि होजचा तुकडा सरकला. त्याचा स्वतःचा रोप उघड्या फांदीवर, एका मोडक्या खुंटावर घासायला लागला. त्याला ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

मी वॉकीटॉकीचं बटण दाबलं नाही. मनात आलं, दिसू दे ब्राउनना, यांचा लाडका काय करतो ते. माणूस मरावा असं मनात नव्हतं. त्याचे मार्क जावेत, एवढंच होतं.

सालुंखेने दुसरा झोका घेतला. रोपमधून पांढरे धागे बाहेर आले.

"सालुंखे, स्टॉप! मेन रोप गेला. बॅकअप रोप लाव. ओव्हर."

"बॅकअप लावला, उस्ताद. ओव्हर."

तो खाली आला आणि त्याने रोप ब्राउनसमोर धरला. तुकडा सरकला तेव्हा आणि मी ओरडलो तेव्हा, दोन्ही वेळा स्टॉपवॉचचा आकडा मी पाहिला होता. मधे चौदा सेकंद गेले होते. रोपचं वरचं कवच पार फाटलं होतं, आत थोडेच धागे शाबूत होते. ब्राउननी विचारलं, हे कुणी पाहिलं?

"उस्तादनी, सर. दिसल्या दिसल्या ओरडले," सालुंखे म्हणाला.

ब्राउननी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. तीन आठवडे मला हेच हवं होतं.

सालुंखेला खरं सांगायचं मी ठरवत राहिलो. परतीच्या विमानात सांगणार होतो, मग युनिटमध्ये, मग त्याच्या रजेनंतर. दोन वर्षांनी पुराच्या ड्यूटीवर त्याची बोट उलटली. त्याने पाच गावकऱ्यांना काठावर पोचवलं होतं. सहाव्या खेपेला तो स्वतः वाहून गेला. मी तेव्हा दुसऱ्या तुकडीबरोबर होतो.

तेराव्याला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा पुढे केला.

"भाऊजी, तुमचं नाव घरात रोज निघायचं. ते म्हणायचे, खाली उस्ताद उभे असले की मी रोपकडे बघतसुद्धा नाही."

मी चहा संपवला, त्याच्या फोटोला सॅल्यूट केला आणि निघालो. वहिनींना मी अजूनही काही सांगितलेलं नाही.